वर्गोन्नत

निकालपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात तीन शब्दांपैकी एक लिहायचा असे: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण किंवा वर्गोन्नत. आश्रुबा गुरुजींनी पहिले दोन शब्द हजारो वेळा लिहिले होते. तिसरा एकदाही नाही. पोरगं पास तर होत नाही, पण चला, बसू द्या वरच्या वर्गात, असा त्या शब्दाचा अर्थ. सरकारी भाषेत तो वर्गोन्नत. सिरसाळ्याच्या भाषेत ढकलपास. पुढे आठवीपर्यंत कुणालाच नापास करायचं नाही असा नियम आला आणि तो रकाना मागे पडला. पण गावात गुरुजींचं नाव निघालं की अजूनही लोक म्हणत, त्यांच्या हाताखालून एकही पोर ढकलपास झालं नाही. गुरुजी हे ऐकून मान खाली घालत, पण ऐकायला त्यांना आवडे.

म्हणूनच त्या रविवारी सकाळी त्यांचा चहा गार झाला.

झालं होतं असं. त्यांची लेक पंचशीला पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. साखर कारखान्यांचे बॉयलर बसवणं आणि चालू करून देणं हे तिचं काम. केनिया, युगांडा, टांझानिया, जिथं ऊस आहे तिथं ती जाई. महिन्यातून दोन-तीनदा विमानात बसणं तिला परळीची एसटी धरण्यासारखं झालं होतं. शनिवारी तिनं घरी एक फोटो पाठवला. गादीसारखी रुंद खुर्ची, पाय लांब केलेले, हातात काचेचा पेला. खाली लिहिलं होतं, ‘आबा, तिकीट मागचं होतं, पण विमानवाल्यांनी आज मला वरच्या वर्गात घातलं. फुकटात.’

गुरुजींचा ऊर भरून आला. त्यांनी तो फोटो, खालच्या ओळीसकट, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच अंगठे आले, फुलं आली. आणि मग सटवाचा निरोप आला.

‘म्हंजे ताई ढकलपास झाल्या म्हना की गुरुजी.’

त्याखाली हसरे चेहरे. एक, दोन, मग तेवीस.

“मस्करी केली त्यानं,” जाईबाई म्हणाल्या. गुरुजींच्या बायकोला मोबाइल वाचता येत होता, नवऱ्याचा चेहरा तर त्याहून चांगला. “एवढं काय मनाला लावून घेताव?”

“दुसऱ्या कुणी केली असती तर लावून घेतलं नसतं,” गुरुजी म्हणाले. “सटवाला ती करायचा हक्क हाय.”

जाईबाईंनी गार झालेला कप उचलला. त्यांनाही ते साल आठवत होतं.

चोवीस वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात पंचशीला आणि सटवा दोघंही गुरुजींपुढंच बसत. सटवा हुशार होता. पाढे तर असे म्हणायचा की ऐकत राहावं. पण त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. दसरा झाला की टोळीबरोबर सटवाही जाई, तो कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परते. त्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी तो गावात पोचला. हजेरी निम्म्याच्याही खाली, अर्धं पुस्तक न शिकलेलं. तो नापास झाला. मुख्याध्यापक म्हणाले, गुरुजी, वर्गोन्नत लिहा आणि सोडून द्या. गुरुजींनी लिहिलं नाही. न आलेलं पोर वर ढकललं तर रोज आलेल्या पोरांनी काय समजायचं, असं ते म्हणाले.

त्याच दुपारी पंचशीलाचा गणिताचा पेपर तपासायला आला. ऐन परीक्षेत ती तापानं फणफणली होती. दोन गुण कमी पडत होते. मुख्याध्यापक पुन्हा म्हणाले, घरचीच पोर आहे, लिहा. सकाळी सटवाला नाही म्हटलेला हात दुपारी लेकीसाठी हो कसा म्हणणार? गुरुजींनी अनुत्तीर्ण लिहिलं. जाईबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढत, पण ताट जरा जोरातच ठेवत.

पंचशीला पुन्हा चौथीत बसली. सटवा बसला नाही. पुढच्या दसऱ्याला टोळीबरोबर गेला तो शाळेत परत आलाच नाही.

गुरुजी या गोष्टीचा पहिला भाग अभिमानानं सांगत. दुसरा भाग सांगत नसत.

आता प्रश्न असा होता की लेक खरंच ढकलपास झाली की काय? झाली असेल, तर चोवीस वर्षांपूर्वीचं ते लिहिणं कशासाठी होतं? सटवाला काय तोंड दाखवायचं? आणि पट्टा पडून गावात परतल्यापासून सटवा तर रोज संध्याकाळी दारात येत होता. त्याची लेक ऋतुजा चौथीत होती, आणि गुरुजी ओट्यावर गावातल्या पोरांना शिकवत, त्यात ती पहिल्या ओळीत बसे. यंदा सटवानं तिला ऊसतोडीला नेलं नव्हतं. आजीजवळ, बायडाबाईजवळ ठेवलं होतं.

गुरुजींनी पंचशीलाला व्हिडिओ कॉल लावला. ती नैरोबीच्या हॉटेलात केस पुसत बसली होती. गुरुजींनी पाटी आणि पेन्सिल घेतली, कारण लिहून घेतल्याशिवाय त्यांना काही कळल्यासारखं वाटत नसे.

तिथं तुझी कुणाशी ओळख आहे का, हे त्यांनी आधी विचारलं. ती हसली. म्हणाली, आबा, तिथं माणूस ठरवतच नाही, यादी ठरवते. मग तिनं सावकाश समजावलं. गुरुजी पोरांना समजावत, तसंच.

विमानात जो वारंवार बसतो त्याचं नाव विमान कंपनी वहीत लिहून ठेवते. किती वेळा गेला, किती लांब गेला, काही कंपन्या तिकिटाला किती पैसे मोजले तेही बघतात. त्यावरून कार्ड मिळतं. आधी साधं, मग चांदीचं, मग सोन्याचं, त्याच्याही वर एखादं. सोन्याचं म्हणजे नुसतं नाव, असतं प्लॅस्टिकच. तिच्याकडे सोन्याचं होतं. पुढच्या वर्गातल्या जागा कंपनी शेवटपर्यंत विकायलाच बघते. विमान निघायच्या थोडं आधी काही उरल्या, तर यादी काढते. ज्याचं कार्ड वरचं तो वर. दोघांचं कार्ड सारखं असेल तर कुणाचं तिकीट जास्त भावाचं ते बघतात. तेही सारखं असेल तर कुणाचं नाव आधी लागलं ते. प्रत्येक कंपनीचे नियम थोडे वेगळे, पण गाभा हाच.

“चांगले कपडे घातलेल्याला देतात म्हणे?” गुरुजींनी विचारलं.

“लोक तसं समजतात. मी त्या दिवशी बॉयलरच्या साइटवरून तशीच गेलते. बुटाला राख होती.”

गुरुजींनी पाटीवर लिहिलं: ‘बुटाला राख. तरी.’ त्यांना बरं वाटलं. पण शिक्षकाची खोड जात नाही. उत्तर बरोबर आलं की ते आलं कसं, हे विचारायचंच.

“मग त्या दिवशी पुढं जागा उरल्या होत्या म्हणून तुला दिली?”

केसांचा टॉवेल पंचशीलानं बाजूला ठेवला.

“न्हाई आबा. त्या दिवशी मागं माणसं जास्त झालती. काही लोक येतच न्हाईत, म्हणून कंपनी जागेपेक्षा चार-पाच तिकिटं जास्त विकते. त्या दिवशी सगळेच आले. मागं बसायला जागा न्हाई. मग चौघांना पुढं सरकवलं.”

“म्हणजे ढकललंच.”

“ढकललंच,” ती म्हणाली. वडिलांशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “पण कुणाला ढकलायचं ते यादीवरून ठरलं. माझं नाव दुसरं होतं. आठ वर्षं झाली आबा, मी या विमानांत बसतीय. यादीत नाव काय एका दिवसात वर जात न्हाई.” मग, दुसरंच काही बोलावं तसं ती म्हणाली, “खरं सांगू का, ते लोक मोजतात काय, तर मी घरी नव्हते ते दिवस.”

गुरुजींनी तेही लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर ते पाटीकडे बघत बसले. लेकीचा अभिमान वाटत होता, तो कमी झाला नव्हता. बुटाला राख लागलेल्या आपल्या पोरीला तिचं नाव पुकारून पुढं बसवलं गेलं, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण ढकललं हे खरं होतं, आणि खरं ते सटवाला सांगायला हवं होतं. ग्रुपवर चार ओळी टाकून ते होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पोरं जमली तेव्हा ओट्यावर सतरंजी दिसेना. गुरुजींनी खडूनं जमिनीवर दहा चौकोन आखले होते, पाच-पाचच्या दोन ओळींत. त्यांच्यापुढं घरातल्या दोन खुर्च्या ठेवल्या होत्या; एक प्लॅस्टिकची, एक हातांची लाकडी, गुरुजींची स्वतःची. निरोप समारंभात मिळालेली. तिच्यावर कुणी बसत नसे.

“आज आपण विमान शिकायचं,” गुरुजी म्हणाले. “बसा आपापल्या जागेवर.”

पोरं होती बारा, चौकोन दहा. ढकलाढकली झाली, दोघं उभेच राहिले. गुरुजी म्हणाले, आता दोघांना पुढं खुर्चीवर बसवावं लागणार, सांगा कुणाला बसवायचं. ओट्यावर एकदम दंगा झाला. एक म्हणालं, हुशाराला. एक म्हणालं, लहानग्याला. पप्पू म्हणाला, माझा चुलता ग्रामपंचायतीत हाय, मला. शिवकन्या म्हणाली, जो उभा हाय त्यालाच बसवा की, सोपं काम. गुरुजींनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं. शिवकन्याचं उत्तर तर त्यांना फारच आवडलं. मग ते म्हणाले, विमानवाले यातलं काहीच बघत नाहीत, ते वही बघतात.

त्यांनी हजेरीची वही काढली. ओट्यावरच्या शिकवणीचीसुद्धा हजेरी ते लिहीत. याच वेळी सटवा ऋतुजाला न्यायला आला आणि नेहमीप्रमाणे फाटकाशी उभा राहिला. गुरुजींनी त्याला हातानंच आत बोलावलं. तो पायरीवर टेकला.

पोरांनी बोटांवर दिवस मोजले. सगळ्यांत जास्त हजेरी ऋतुजाची निघाली. एकशे एकतीस दिवसांत एकही खाडा नाही. दुसरी शिवकन्या. दोघी पुढं जाऊन बसल्या. ऋतुजा लाकडी खुर्चीवर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते, पण पाठ अशी ताठ होती की पायरीवर बसलेल्या सटवाचीही पाठ नकळत ताठ झाली.

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. जे सांगायचं ते पोरांच्या आडून त्यांनी सटवाला सांगायला सुरुवात केली.

“पंचशीलाताईला असंच पुढं बसवलं. सटवा, तू म्हणालास ते बरोबर होतं. मी विचारून घेतलं. मागं जागा नव्हती म्हणून ढकललंच तिला.”

सटवाचं तोंड उतरलं. “आवो गुरुजी, मी निसतं गमतीनं लिवलं. त्याच्यावर तुमी एवढं...”

“मला सांगू दे. ढकललं, पण यादी बघून ढकललं. तिचं नाव वर होतं, कारण ती आठ वर्षं सारखी हिंडतीय. त्यांच्या वहीत तिची हजेरी भरली होती.”

हिशेब जुळला असं त्यांना वाटलं. वही विमानवाल्यांची असो की शाळेची, ज्याची हजेरी भरली तो पुढं. चोवीस वर्षांपूर्वी आपण तेच केलं. एवढं बोलून पोरांना घरी सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पण खुर्चीवरून ऋतुजानं हात वर केला.

“गुरुजी, पण ही हजेरी उलटी हाय.”

“कावून?”

“आपल्या वहीत हितं आलेले दिवस हायेत. विमानवाले तर घरी नसलेले दिवस मोजतेत. बाहेरगावी गेलं की त्यांची हजेरी लागती, आन् आपला खाडा पडतो.” तिनं क्षणभर विचार केला. “तसं मोजलं तर माझा नंबर लागत न्हाई. पप्पाचा लागतोय.”

जाईबाई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या.

गुरुजींनी तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले होते. आपणच काढलेल्या गणितात आपलंच चुकलेलं पोरानं दाखवून द्यावं, असं त्यांना मनातून वाटे, पण आजवर ते इतकं नेमक्या जागी लागलं नव्हतं. ते ऋतुजाकडे बघत राहिले. मग ओट्याच्या भिंतीवरच्या फळ्याकडे वळले आणि खडू उचलला.

“चला, मोजू. सटवा, किती हंगाम केलेस?”

“ऱ्हाऊ द्या गुरुजी.”

“गणित सुरू हाय. सांग.”

सटवानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पाच वर्साचा होतो तवा पहिल्यांदा गेलतो. एक साल पाय मोडला म्हनून हुकलं. अठ्ठावीस पट्टे झाले.” मग हळूच म्हणाला, “ल्हानपनीचे धरायचे का?”

“सगळे धरायचे,” गुरुजी म्हणाले. “तेच आधी धरायचे.”

एक हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे दीडशे दिवस. पोरांनी अठ्ठावीस गुणिले दीडशे मांडलं. पप्पूचं उत्तर चुकलं, गुरुजींनी त्याला हातचा दाखवून पुन्हा करायला लावलं. एवढ्या गडबडीतही ते चुकलेलं उत्तर तसंच पुढं जाऊ देणारे नव्हते. बेचाळीसशे. फळ्यावर आकडा मोठा लिहिला. त्याच्या शेजारी त्यांनी पंचशीलाचा आकडा लिहिला. तिनंच सांगितला होता, आठ वर्षांत तेराशे दिवस.

“पप्पा तिप्पट पुढं हायेत,” ऋतुजा म्हणाली. “तिप्पटीहून जास्त.”

सटवा फळ्याकडे बघत होता. बेचाळीसशे दिवस. ते असे एका ओळीत मांडलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. कोणत्या कारखान्यावर कुणाच्या टोळीत किती मोळ्या बांधल्या हे त्याला आठवत असेल, पण ते सगळे मिळून काहीतरी भरतं, मोठा आकडा होतो आणि तो फळ्यावर लिहावा असा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

“पंचीनं बसवलेल्या बॉयलरला ऊस लागतो,” गुरुजी पोरांना म्हणाले, “आणि ऊस तोडायला सटवा लागतो. तिकडं असो का इकडं. दोघं एकाच कामाला गेले होते. एकाचे दिवस कुणीतरी वहीत हजर म्हणून लिहिले. एकाचे मी गैरहजर लिहिले.”

“नियम व्हता गुरुजी,” सटवा म्हणाला.

“होता. मी नियमानं लिहिलं. पण पाढे पाठ असलेल्या पोराला मी दोन महिने ओट्यावर बसवून तेवढं अर्धं पुस्तक शिकवू शकलो असतो. त्याला नियमाची आडकाठी नव्हती.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पोराला उजळणी करून द्यावी तसा. “हे मी तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

सटवानं टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, “म्हनून तर पोरीला तुमच्याकडं ठिवली की.”

गुरुजींनी मान हलवली. मग ऋतुजाला म्हणाले, “उतर बाई. यादी बदलली.”

ऋतुजा टुणकन उतरली. सटवा नको-नको म्हणत राहिला, माझे पाय मळलेत म्हणाला. गुरुजी म्हणाले, पंचीच्या बुटाला राख होती. पोरांनी मागून चक्क ढकलत त्याला पायरीवरून उठवलं आणि लाकडी खुर्चीवर नेऊन बसवलं. तो आधी कडेवर टेकला, मग मागं सरकला, मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

“ढकललं की मला,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा मोकळा हसला.

गुरुजींनी मोबाइल काढून फोटो घेतला. फळाही त्यात आला पाहिजे म्हणून दोन पावलं मागं गेले. ग्रुपवर टाकायला खाली काय लिहावं, याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही; पण हा शब्द टाइप करायची बोटांना सवय नव्हती, त्यामुळे रफार शोधायला वेळ लागला. ‘सटवा, इयत्ता चौथी. हजेरी बेचाळीसशे दिवस. वर्गोन्नत.’

यावेळी हसरे चेहरे आले नाहीत. मग नैरोबीहून पंचशीलाचा निरोप आला, ‘सटवा, तुझं नाव माझ्या वर हाय बे. पुढच्या खेपेला मला मागं बसवतील.’ आणि त्यानंतर अंगठ्यांची रांग लागली.

तोवर जाईबाई ताटात चहा घेऊन आल्या होत्या. पोरांसाठी पाण्याचे पेले आणि कपाटातला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला काचेचा ग्लास. गुरुजींनी सवयीनं हात पुढं केला.

“थांबा जरा,” जाईबाई म्हणाल्या, आणि काचेचा ग्लास घेऊन खुर्चीकडे वळल्या. “आधी पुढच्या वर्गाला.”